चाचणी क्रमांक सात

९ जून

ती. आत्या,

वाकून नमस्कार. डोंगरावरून दिसला नसेल, तरी केलाय असं समज. तुझ्याकडे फोन लागतो तो पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, आणि तू काही चढायची नाहीस, म्हणून हे पत्र.

आईच्या जुन्या खात्यात, हवामानाच्या मुख्यालयात, मला लागून सात महिने झाले. दारावर पाटी 'सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर' अशी आहे, काम मात्र आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी बसण्याचं. ते मोठं मशीन, ज्यावर कधीकाळी तूही होतीस, सप्टेंबरअखेर बंद होणार. त्यातल्या सगळ्या नोंदी नव्या सर्व्हरवर गेल्या. आता ते नीट श्वास घेतंय ना, एवढंच बघायचं. जेवणानंतर हॉलमध्ये मी, ते, आणि एसीची घरघर. घड्याळाचा काटासुद्धा डुलकी काढून पुढे सरकतो.

काल जुन्या फायली चाळताना 'चाचणी क्रमांक सात' नावाचा प्रोग्रॅम सापडला. एक ते सहा कुठेच नाहीत. चालवला, तर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मशीनला देवनागरी येत नाही, तेव्हा रोमन लिपीतलं मराठी, तेही सगळं मोठ्या अक्षरांत, ओरडल्यासारखं. पण ओरडत नव्हतं काही. लिहिलं होतं, 'तू पायरीवर उभी आहेस. दुपार आहे. दार लोटलेलं आहे. आत आत्ताच कोणीतरी होतं.'

मी 'आत जा' असं टाइप केलं आणि गेले की आत. चित्र नाही, आवाज नाही, नुसती वाक्यं. एका खोलीत छतातून ऊन गळतं आणि ते बादलीत धरून ठेवता येतं. दुसरीत धुकं आहे; तिथे बोललेला शब्द तीन चालींनंतर ऐकू येतो, तोवर आपण पुढे गेलेलो असतो. दोन तास कुठे गेले कळलं नाही. साहेब मागून येऊन "सगळं ठीक ना?" म्हणाले, तेव्हा मला क्षणभर कोणत्या खोलीतून उत्तर द्यावं तेच समजेना.

आता एका जिन्याशी अडकलेय. दिवा घेऊन उतरलं की दर वेळी पुन्हा पायरीवर.

हे कोणी लिहिलं असेल? आईला विचारलं तर म्हणाली, अशा चाचण्या पुष्कळ असतात, पुसू मात्र नकोस. आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. कपडे ओलेच होते. तिला खेळाबिळाचं वावडं, तुला माहीतच आहे. तुला काही आठवतं का?

तुझी
ठकू

•

२१ जून

चि. ठकूस,

आशीर्वाद. खेळ वगैरे मला काही ठाऊक नाही. आम्ही तिथे काम करायचो.

इकडे ठीक. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी सकाळी साडेआठ वाजले की पाय आपोआप वेधशाळेच्या कुंपणाकडे वळतात. माझ्या जागी आता एक खांब उभा केलाय. तो स्वतःच तापमान घेतो, पाऊस मोजतो आणि कुठेतरी पाठवून देतो. मी बाहेरून त्याच्याकडे बघते. सवत आल्यासारखं वाटतं. बाकी घरात मी, पुस्तकं, आणि दुपारी दोनला बरोबर गादीवर येणारा उन्हाचा पट्टा. त्यात पाय ठेवून झोपलं की स्वप्नंसुद्धा ऊबदार पडतात.

आईच्या गुडघ्यांना शेक देत जा.

तुझी
आत्या

ता.क. दिवा आधी बादलीतल्या उन्हात बुडवून विझव. मग अंधारात पायऱ्या मोजत उतर. नववी पायरी नाहीये. यावरून उगाच तर्क लढवू नकोस.

•

२ जुलै

ती. आत्या,

काही ठाऊक नसलेल्या बाईला नववी पायरी बरी ठाऊक!

उतरले मी. आणि आता माझी खात्री झालीय की हा खेळ दोघांनी लिहिलाय. एकाच्या खोल्या कोड्यांच्या: कुलपं, पायऱ्या, आकडे, चूक केली की बाहेर. दुसऱ्याच्या खोल्यांत करायचं काहीच नसतं, नुसती हवा असते. 'इथे वारा येऊन गेला आहे. खुर्ची अजून हलते आहे.' एवढंच. बसून राहिलं की आपोआप दार उघडतं.

कोड्यांच्या तुझ्या, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. लहानपणी तू मला गोष्ट सांगायचीस ती पण अर्धी, आणि पुढचं ओळख म्हणायचीस. पण हवेवाला कोण? मशीन पहिल्यापासून 'उभी आहेस, गेलीस' असं म्हणतं. म्हणजे कोणीतरी एका बाईसाठीच लिहीत होतं. आत्या, तू लग्न का केलं नाहीस हे मी कधी विचारलं नाही. आज विचारत नाहीये. पण तो दुपारी टर्मिनलसमोर बसून तुझ्यासाठी वारा लिहीत असेल, हे मनात आलं आणि मला माझंच मशीन वेगळं दिसायला लागलं.

आई बरी आहे. मी खेळाचं बोलायला लागले की तिला स्वयंपाकघरात काहीतरी आठवतं.

ठकू

•

१६ जुलै

चि. ठकूस,

बरं, सापडले मी चोरीत. सतरा खोल्या आहेत. नऊ माझ्या.

माझी पाळी सकाळची, समोरची दुपारची. मशीन दर तीन तासांनी केंद्राकेंद्रांचे आकडे पचवायचं, आणि मधल्या वेळात त्याच्याकडे बघत बसायचं, खुर्ची सोडायची नाही, असा साहेबांचा हुकूम. माणसाने दिव्यांची उघडझाप किती वेळ बघावी? तेव्हा मी एक खोली लिहून ठेवायची. दुपारच्या पाळीने ती सोडवायची आणि माझ्यासाठी पुढची लिहून ठेवायची. पाळी बदलताना दहा मिनिटं भेट व्हायची, पण खेळाबद्दल चकार शब्द काढायचा नाही असं ठरलं होतं. फक्त चेहरा बघायचा. चेहऱ्यावरूनच कळायचं, सुटली की नाही ते. त्या दहा मिनिटांवर माझा उरलेला दिवस जायचा.

नाव माझं. 'सात' म्हटलं की आधीच्या सहा चाचण्या रीतसर झाल्यात, असं साहेबलोक धरून चालतात.

सतराव्या खोलीत भिंत आहे. तिथे संपतं. पुढे लिहायचं होतं, पण माझी बदली झाली. तेव्हा भिंतीवर डोकं आपटू नकोस.

तुझ्या तर्काबद्दल म्हणशील, तर तर्काला जकात नसते. चालू दे.

आत्या

•

३० जुलै

ती. आत्या,

भिंतीपाशी संपत नाही.

मी 'ढकल', 'फोड', 'चढ' सगळं करून पाहिलं. मशीन दर वेळी म्हणायचं, 'भिंत ऐकत नाही.' परवा साहेबांनी हाक मारली म्हणून गंमतीने 'थांब' असं टाइप केलं आणि उठले. परत येऊन बघते तर लिहिलं होतं, 'तू थांबलीस. बरं केलंस. भिंतीला दार आलं आहे.'

आत्या, पलीकडे खोल्याच खोल्या. मी तीन दुपारी चालतेय आणि अजून शेवट नाही. कोडं एकही नाही, सगळ्या त्या हवेवाल्याच्या. फाइलीतल्या तारखा बघितल्या. तुझी बदली झाल्यानंतर सहा-सात महिन्यांनी सुरू होतात, आणि शेवटची दोन वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे तू गेल्यावर तो इतकी वर्षं एकटाच लिहीत राहिला. दोन वर्षांपूर्वी बरेच लोक निवृत्त झाले. यादी काढू का? तू हो म्हण फक्त.

प्रिंटआउट सोबत पाठवतेय. माझ्या आवडत्या तीन इथेच उतरवते.

'उत्तरेचं अंगण. धुकं दुपारी एकला उठलं. कुंपणात शेळी शिरली आहे. पावसाच्या भांड्यातलं पाणी ती प्यायली. आजचा पाऊस मोजता येणार नाही.'

'काचेची खोली. वारा पश्चिमेकडून, जोराचा. छत्री गेली. सापडल्यास ज्याला सापडेल त्याने वापरावी.'

'पांढरी पेटी. उणे दोन पूर्णांक चार. शाई गोठली आहे, म्हणून पेन्सिलीने.'

ही कुठली जागा असेल गं? वाचताना वाटतं, आपण तिथे कधीतरी झोपेत जाऊन आलोय.

ठकू

•

३ सप्टेंबर

चि. ठकूस,

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. आजारी नाही मी. यादी काढू नकोस.

ती शेळी माझी आहे.

म्हणजे खालच्या आळीतल्या कोणाची तरी होती, पण नोंद माझी. आमच्या रोजच्या तक्त्यात शेवटी 'शेरा' म्हणून रकाना असतो. गारा, वीज, असलं काही घडलं तर लिहायचं. डोंगरावर एकटी राहून राहून मी त्यात काहीबाही लिहायला लागले. शेळी लिहिली, छत्री लिहिली, गोठलेली शाई लिहिली. आकडे घेतात, शेरा कोण वाचतंय? पंचवीस वर्षं मला वाटायचं की तो रकाना विहिरीत पडतो. तुझा प्रिंटआउट आला आणि मी पहिल्या पानावरून उठलेच नाही. एकेक खोली म्हणजे माझा एकेक दिवस. काही तर मी स्वतःही विसरले होते. महिनाभर ती पानं उशाशी घेऊन झोपतेय. रोज वेगळ्या वर्षात जाग येते.

डोंगरावरचे आकडे मुख्यालयात उतरवून घेण्याचं काम कोणाकडे होतं, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझ्या आईकडे.

दुपारची पाळी तिची होती, ठकू. ती माझी मैत्रीण. माझ्याच घरी तिची नि तुझ्या बाबांची ओळख झाली. नणंद-भावजय आम्ही नंतर झालो.

आता ऐक. तू पाच महिन्यांची पोटात होतीस. त्या दिवशी समुद्रावर वादळ येत होतं. इशारा तीनला निघायचा, तो चाळीस मिनिटं उशिरा निघाला, कारण आमचा खेळ मशीनमध्ये अडकून गोल गोल फिरत होता. होड्या परत आल्या. सगळ्या आल्या. शेवटची सहाला आली. तीन चाळीस ते सहा, हा वेळ माझ्यापुरता अजून संपलेला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, हा प्रोग्रॅम कोणाचा? मी म्हटलं, माझा. त्या दिवशी तो चालू कोणाच्या हातून राहिला, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. पण तिची नोकरी कायम व्हायची होती, आणि तू होतीस. मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, आणि त्याबद्दल आजही वाईट वाटत नाही.

वाईट वाटलं ते पुढचं. मला वाटलं होतं, जिन्यात तरी हात धरेल. निघायच्या दिवशी तरी काही बोलेल. ती कपाटापाशी मशीनच्या टेप मोजत उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. त्या दिवसापासून मी तिला 'तुम्ही' म्हणायला लागले. भांडायला आवाज चढवावा लागत नाही, आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. तुझे बाबा गेले तेव्हा तीन दिवस राहिले, तेव्हाही 'तुम्ही जेवलात का' इतकंच.

आणखी एक. बारा वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस नोंदी गेल्या नाहीत. बाराव्या दिवशी मुख्यालयाचा कागद आला: नोंदी का नाहीत, परतटपाली खुलासा करावा. खाली तुझ्या आईची सही. विचारपूस नाही, खुलासा. मी अंथरुणातून दोन शब्द लिहून पाठवले आणि ठरवलं, आता संपलं.

आणि आता ही पानं. हे पत्र तिला दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

आत्या

•

११ सप्टेंबर

वरचा मायना मी मोकळा सोडला आहे. 'वन्सं' लिहून पाहिलं, ते आपल्याला कधीच शोभलं नाही. नावाने लिहायला गेले तर हात अडला. तुला हवा तो तू भर.

ठकूने तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि चप्पल घालून बाहेर गेली. इतक्या भर उन्हात ती कधी जात नाही. मी समजले.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. साहेबांसमोर मी तोंड उघडलं नाही. मग कोणत्या तोंडाने तुझ्यासमोर उघडणार होते? त्या दिवशी टेप मोजत नव्हते. अठ्ठावीसच्या पुढे मला आकडा आठवेना, म्हणून पुन्हा पुन्हा एकपासून सुरू करत होते. मागे तुझी पावलं ऐकू येत होती. मी म्हटलं, तीस झाले की वळायचं. तीस झालेच नाहीत.

खेळ पुसून टाकायचं काम मलाच दिलं होतं. पुसल्याचा अहवाल लिहिला, सही केली आणि पुसला नाही. नोकरीत केलेली ती एकच लबाडी. ठकू झाल्यावर रजा संपवून परत आले, तर समोर तुझ्या केंद्राचा तक्ता. शेऱ्यात तू लिहिलं होतंस, 'आज ढग खोलीत आला, बसला आणि गेला.' मी तो रकाना दोनदा वाचला. साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आकडा पुसट आहे. त्या दुपारी भिंतीला दार केलं. रोज सकाळी नऊला तुझा दिवस माझ्याकडे यायचा. मी ठकूला शाळेत सोडून धावत यायचे ते त्यासाठी. लोक म्हणायचे, बाई कामाला वाघ आहे.

खुलाशाचं सांगते. पहिल्या दिवशी वाटलं, लाइन गेली असेल. चौथ्या दिवशी शेजारच्या केंद्राला फोन केला, त्यांना काही माहीत नव्हतं. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडणार नाही. अकराव्या दिवशी तो कागद काढला. छापील नमुन्यात 'खुलासा करावा' याच्याशिवाय दुसरं वाक्यच नव्हतं. आणि मी दुसऱ्या कोणत्या नात्याने विचारणार होते? तुझे दोन शब्द आले, 'प्रकृती अस्वास्थ्य'. अक्षर तुझंच होतं, वाकडं झालेलं. मी तो कागद घेऊन टेपांच्या खोलीत जाऊन बसले. जिवंत होतीस.

तीस तारखेला चार वाजता मशीन बंद करतायत. एकशे पंचवीस खोल्या आहेत, तू फक्त छापील पाहिल्यास. त्या पानावर वाचायच्या नव्हत्या, चालायच्या होत्या. हॉलचे जिने माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, पण त्या दिवशी मी चढणार आहे. तू ये.

•

८ ऑक्टोबर

चि. ठकूस,

परवा संध्याकाळी सुखरूप पोचले. घर उघडलं तर सगळं जागच्या जागी, फक्त मीच कुठूनतरी उशिरा आल्यासारखी.

त्या दोन दुपारी तू आम्हाला टर्मिनल दिलंस आणि साहेबांना सांगितलंस की या जुन्या तज्ज्ञ बाया शेवटची तपासणी करतायत, त्याबद्दल काय बोलू? आम्ही एका खुर्चीला खुर्ची लावून बसलो. ती सांगायची, मी टाइप करायचे. काही खोल्यांत शिरताना ती म्हणायची, इथे जरा थांब, ही मला नीट जमली नाही. मी म्हणायचे, नाही गं, त्या दिवशी हवा अशीच होती. शहाण्णवपर्यंत पोचलो. उरलेल्या तू नव्या सर्व्हरवर गुपचूप नेऊन ठेवल्यास, ते मी कोणाला सांगणार नाही. मला वाटतं, हा आपल्या घराण्याचा रोगच आहे.

पण तू खाली केबली काढत होतीस तेव्हा वर काय झालं, ते तुझ्या आईने तुला सांगितलं नसणार. म्हणून लिहिते.

तुमच्या साहेबांच्या टेबलावर मशीन बंद केल्याचा फॉर्म होता. सुरू कधी केलं, बंद कधी केलं, आणि खाली मोठे बिघाड नोंदवायची जागा. जुन्या दप्तरावरून त्यांनी सगळे उतरवून ठेवले होते. त्यात आमचा होता: वादळाचा इशारा चाळीस मिनिटं उशिरा, जबाबदार म्हणून माझं पद नि नाव. साहेब चांगला माणूस, त्याने सहज दोघींना दाखवलं, जुन्या आठवणी म्हणून.

तुझी आई चष्मा लावून वाचत राहिली. मग म्हणाली, हे चुकीचं आहे, दुरुस्त करा. साहेब गोंधळले. म्हणाले, आता त्याची काही गरज नाही, मशीनच बंद होतंय. मीही तिचा पदर ओढला, म्हटलं, राहू दे, कोण बघतंय आता?

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू गप्प बस. तेव्हा तू बोललीस, आता मी बोलते."

आणि मग तिने सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सोडवून: "प्रोग्रॅम दोघींचा होता, त्या दिवशी चालू माझ्या हातून राहिला, हिचा संबंध नाही." साहेब लिहीत गेले. लिहिताना म्हणाले, घटनेची तारीख पुसट झालीय, कोणाला आठवते का?

आम्ही दोघींनी एकदमच सांगितली.

साहेबांनी मान वर करून पाहिलं. म्हणाले, मी तेव्हा तिसरीत होतो. तिने सही केली. खाली चार वाजले असणार, कारण मशीनची घरघर थांबली आणि इमारत एकदम जड झाल्यासारखी वाटली. आम्ही जिन्याने उतरलो. तिच्या गुडघ्यांमुळे एकेका पायरीला थांबत, माझ्या खांद्यावर हात ठेवून. अर्ध्या जिन्यात तिने विचारलं, त्या अकरा दिवसांत तुला पाणी कोण देत होतं? मी सांगितलं. खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत सांगत होते.

पुढच्या महिन्यात ती इकडे यायचं म्हणते. मी म्हटलं, अगं, केवढा चढ, तुझे गुडघे, शिवाय तेव्हा इथे थंडी फार असते.

तर म्हणाली, "तुझ्याकडची थंडी मला दशांशापर्यंत पाठ आहे."

आत्या